लांब पल्ल्याचे खोगीर

आपल्या भाषेत 'खोगीरभरती' हा शब्द कोणी कौतुकाने उच्चारीत नाही. सभेला माणसे कमी पडली म्हणून इकडची तिकडची गोळा केली, की ती खोगीरभरती. ग्रंथाची पाने वाढावीत म्हणून मध्येच घातलेली प्रकरणे, तीही खोगीरभरतीच. खोगिराच्या गादीत चिंध्या, गवत, लोकर, जे हाताशी येईल ते कोंबीत असत, त्यावरून हा अर्थ रूढ झाला. शब्दाविषयी माझी तक्रार नाही. परंतु खऱ्या खोगिरात ही भरती कोणते काम करते हे कळल्यापासून तो शब्द वापरताना मी जरा अडखळतो.

हे मला कळले ते एका घोडीमुळे. सुमारे वीस वर्षांपूर्वी, मी शासकीय सेवेत नवा असताना, उत्तरेकडील एका डोंगरी जिल्ह्यात चार दिवसांचा दौरा करावयाचा होता. वाट मोटारीची नव्हती. माझ्या वाट्याला तांबूस रंगाची एक गरीब स्वभावाची घोडी आली. तिच्याबरोबर तिचे जुनेपुराणे खोगीर होते; पण एका सहकाऱ्याकडे ऑस्ट्रेलियन पद्धतीचे, खोल बैठकीचे, मऊ कातड्याचे खोगीर होते, ते मी हौसेने मागून घेतले. बसावयास ते आरामखुर्चीसारखे होते. पहिले दोन दिवस मी त्याची स्तुती करीत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तंग आवळताना घोडीने कान मागे टाकले आणि चावावयास मान वळविली. मला वाटले, थंडीने चिडली असेल. संध्याकाळी मोतद्दाराने खोगीर उतरविले. घामाने सगळी पाठ भिजली होती. फक्त मानेच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना, तळहाताएवढे दोन डाग कोरडे ठणठणीत होते. मी समजलो, तेवढा भाग तरी बरा राहिला. मोतद्दार काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही जागा सुजल्या होत्या, आणि उरलेली वाट मी घोडीच्या मागून पायी चाललो. वाटेत तो एवढेच म्हणाला, की साहेब, खोगीर तुम्ही आपल्या बैठकीसाठी निवडलेत, हिला कोणी विचारले नाही.

कोरडा डाग म्हणजे आराम नव्हे. खोगिराच्या सांगाड्याने तेथली कातडी इतकी दाबली होती की तिला घामही फुटेना. पुढे एका अभ्यासक्रमासाठी मला वर्षभर ऑस्ट्रेलियात राहण्याचा योग आला, तेव्हा या खोगिराची चौकशी मी केली ती काहीशी अपराधी मनाने. दोष त्या पद्धतीचा नव्हता, हे प्रथमच सांगून टाकतो. ती पद्धती कशी घडली हे पाहिले म्हणजे माझी चूक कोठे झाली तेही आपोआप ध्यानात येते.

ऑस्ट्रेलियात घोडा हा प्राणी मुळात नव्हता. १७८८ साली इंग्रजांचा पहिला तांडा सिडनीच्या किनाऱ्याला लागला तेव्हा त्याने वाटेत दक्षिण आफ्रिकेच्या केपहून काही थोडे घोडे घेतले होते. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून जी खोगिरे आली ती इंग्लंडातली शिकारी खोगिरे होती. इंग्लंडातला सरदार सकाळी कोल्ह्यामागे निघतो, कुंपणांवरून उड्या मारतो आणि संध्याकाळच्या आत घरी परततो. त्याला सपाट, हलके, पुढे झुकता येईल असे खोगीर हवे असते. मागून आधार देणारा उंच काठ त्याला अडचणीचा वाटतो. पंचवीस वर्षे वसाहत समुद्र आणि ब्ल्यू माउंटन्स यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत कोंडलेली होती, तोवर हे खोगीर चालून गेले. १८१३ मध्ये ब्लॅक्सलँड, लॉसन आणि वेंटवर्थ यांनी तो डोंगर ओलांडला, पलीकडची कुरणे दिसली, आणि घोड्याचे काम बदलले. आता तो शिकारीचा राहिला नाही, गुराख्याचा झाला.

त्या कामाचा आवाका आपल्याला एका उदाहरणावरून समजेल. ड्यूरॅक कुटुंबाने १८८३ साली क्वीन्सलँडमधून सात हजारांहून अधिक गुरे हाकीत नेण्यास आरंभ केला आणि १८८५ साली ती वायव्येकडील किंबर्लीच्या प्रदेशात पोचविली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, वेळ दोन वर्षांहून अधिक. अशा प्रवासात माणूस दिवसभर खोगिरात असे, आणि त्याला त्याची चिंता असे तितकीच, किंबहुना अधिक, घोड्याच्या पाठीची असे. कारण निर्जन मुलुखात घोडा निकामी होणे म्हणजे स्वतः निकामी होणे.

मग इंग्रजी खोगीर हळूहळू बदलत गेले. बैठक खोल झाली. मागचा काठ उंचावला, म्हणजे दरीत उतरताना पाठीला टेकण मिळावे. पुढे, मांडीच्या वरच्या अंगाला, दोन टणक उशा आल्या. उतारावर किंवा गाईने एकाएकी अंग वळविले व घोडाही तिच्यामागे वळला तर स्वाराची मांडी त्या उशांत अडकून राही. रिकिबी लांब झाल्या, कारण गुडघे दुमडून आठ तास कोणी बसू शकत नाही. तंगाखेरीज सबंध खोगिरावरून फिरणारा दुसरा पट्टा आला. विसाव्या शतकाच्या आरंभी क्वीन्सलँडमधील रोमा या गावच्या जॅक विनेके नावाच्या कारागिराने या सर्व गोष्टींची जी जुळणी केली ती इतकी पसंत पडली की त्या घडणीच्या खोगिराला त्याचेच नाव पडले. एका कारागिराचे नाव वस्तूला चिकटावे हे भाग्य आपल्याकडच्या जीनगरांच्या वाट्याला फारसे आले नाही. पेशवाईत इतकी खोगिरे शिवली गेली. शिवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येणार नाही.

अमेरिकेतल्या गुराख्याच्या खोगिराला पुढे एक शिंग असते, ते चित्रपटांतून आपण पाहिलेले आहे. ऑस्ट्रेलियन खोगिराला ते परंपरेने नाही. अमेरिकन गुराखी, मेक्सिकोकडून शिकलेल्या रीतीने, जनावराला फास टाकतो आणि दोर त्या शिंगाला गुंडाळतो. तेव्हा सगळा हिसका सोसण्यासाठी त्याचे खोगीर अवजड असावे लागते. ऑस्ट्रेलियन गुराखी लांब चाबूक आणि कुत्रे यांवर काम भागवितो. म्हणून त्याचे खोगीर शिंगावाचून राहिले आणि पुष्कळ हलकेही राहिले. अलीकडे परदेशी गिऱ्हाइकांसाठी शिंग लावलेली 'ऑस्ट्रेलियन' खोगिरेही विकतात. एक वृद्ध कारागीर मला ती दाखविताना हसला होता.

आता या कथेत हिंदुस्थान येतो. ऑस्ट्रेलियात निरनिराळ्या रक्तांच्या मिश्रणातून जो काटक घोडा तयार झाला त्याला 'वेलर' हे नाव हिंदुस्थानात मिळाले. न्यू साउथ वेल्स या प्रांतावरून ते पडले. एकोणिसाव्या शतकात मद्रास, कलकत्ता, मुंबई या बंदरांत हे घोडे जहाजांनी उतरत आणि लष्करात जात. शिवकालीन सैन्यात स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद आपण शाळेत शिकलो. 'शिलेदार' हा शब्द इंग्रजांनी उचलला, आणि स्वतःच्या घोड्याचा बोजा स्वारानेच उचलावयाचा ही पद्धत त्यांच्या अनेक हिंदी रिसाल्यांत पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली; पूना हॉर्स हा त्यांतलाच. या रिसाल्यांतही पुढे पुढे भीमथडीच्या तट्टांची नव्हे तर वेलरांची गर्दी झाली. ज्याचा घोडा त्याचा तोटा, या हिशेबाने शिलेदार घोड्याच्या पाठीला जपत असावा असे मला वाटते. बारगिराविषयी तितकी खात्री देता येत नाही. मी स्वतः त्या चार दिवसांत बारगीर होतो.

सरकारी घोड्याच्या पाठीची हेळसांड किती महाग पडते हे इंग्रजांना दक्षिण आफ्रिकेत कळले. १८९९ ते १९०२ या बोअर युद्धात त्यांच्या बाजूचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. गोळीने मेले ते त्यांत थोडे. उपासमार, रोग, अतिश्रम, अवजड ओझे आणि सोलवटलेल्या पाठी यांनी बाकीचे नेले. या अनुभवानंतर १९१२ साली लष्कराने जे खोगीर मुक्रर केले त्यात एक चतुर युक्ती होती. घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकणाऱ्या फळ्या वरच्या कमानींना बिजागरीसारख्या जोडलेल्या होत्या. मोहिमेत घोडा रोडावला, पाठीचा उतार बदलला, तर फळ्याही आपला कोन बदलीत. घोड्याने खोगिराला जुळवून घ्यावे ही अपेक्षा सोडून खोगिराने घोड्याला जुळवून घ्यावे, हे त्यात मान्य केलेले होते.

३१ ऑक्टोबर १९१७ रोजी पॅलेस्टाइनमध्ये बीरशेबा येथे ऑस्ट्रेलियन लाइट हॉर्सच्या सुमारे आठशे स्वारांनी तुर्की खंदकांवर प्रसिद्ध हल्ला चढविला तो लष्करी खोगिरांवर बसूनच. घरची गुराख्याची खोगिरे त्यांनी मागे ठेवली होती. स्वार आणि सामान मिळून एकेका वेलरच्या पाठीवर सुमारे १३० किलोचे ओझे होते, आणि कित्येक घोड्यांना दिवसभराहून अधिक काळ पाणी मिळालेले नव्हते. पुढच्या वर्षी, २३ सप्टेंबर १९१८ रोजी, त्याच आघाडीवर जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी हैफा घेतले. दिल्लीचा तीन मूर्ती चौक त्यांचे आणि हैदराबादच्या स्वारांचे स्मारक आहे. युद्धासाठी ऑस्ट्रेलियातून सव्वा लाखाहून अधिक घोडे बाहेर गेले. परत आला तो एकच: जनरल ब्रिजेस यांचा सँडी. जे उरले त्यांतले बरेचसे हिंदी सैन्याकडे सोपविले, जे म्हातारे व आजारी होते त्यांना गोळी घातली. तीन मूर्तींकडे पाहताना मला या घोड्यांची आठवण होते, कारण त्या स्मारकात घोडा नाही.

युद्ध सरले, यंत्रे आली, गुरे मालमोटारींतून जाऊ लागली. खोगीर मात्र कामातून सुटून हौसेकडे गेले. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात क्वीन्सलँडमधील कुकटाउनपासून व्हिक्टोरियातील हील्सव्हिलपर्यंत, ५,३३० किलोमीटरची घोडेस्वारांची पाऊलवाट १९८८ साली खुली झाली. बँजो पॅटरसन यांच्या १८९० सालच्या 'द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर' या कवितेवर १९८२ साली चित्रपट निघाला. त्यातील कड्यावरून घोडा घालण्याचा प्रसंग पाहून देशोदेशींच्या हौशी स्वारांना हे खोगीर हवेसे वाटू लागले. डोंगरवाटांनी रमतगमत दिवसभर हिंडणाऱ्याला ते खरोखरच सोयीचे आहे. सरळ बसता येते, कंबर अवघडत नाही, उतारावर धीर वाटतो.

माझ्यासारख्या नवख्याने ते निवडावे कसे, हे मला न्यू साउथ वेल्समधील एका लहानशा गावच्या खोगीरवाल्याने शिकविले. त्याचे दुकान आपल्याकडच्या चांभाराच्या दुकानाएवढेच होते. मी आत शिरलो, एका सुरेख खोगिरावर, म्हणजे ते ज्या लाकडी घोड्यावर मांडले होते त्यावर, जाऊन बसलो आणि म्हणालो, 'छान आहे.' त्याने विचारले, 'घोडा कसा आहे?' मी म्हणालो, घोडा नाही. त्यावर त्याने मला खाली उतरविले, आणि मागच्या आवारातल्या आपल्या घोड्याकडे घेऊन गेला.

प्रथम त्याने घोड्याच्या खांद्याचे हाड बोटांनी दाखविले. पुढचा पाय पुढे पडतो तेव्हा या हाडाचे वरचे टोक मागे सरकते; खोगिराचा सांगाडा त्याच्या मागे बसला पाहिजे, नाहीतर प्रत्येक पावलाला हाड त्यावर घासणार. मग शेवटची बरगडी चाचपडावयास लावली. घोड्याला बरगड्यांच्या साधारणपणे अठरा जोड्या असतात. खोगिराचा भार शेवटच्या बरगडीमागे जाता कामा नये, कारण तेथे खालून आधार नसतो. म्हणजे जागा ठरलेली आहे, आणि आखूड पाठीच्या घोड्यावर लांब खोगीर घालता येत नाही, मग स्वार कितीही स्थूल असो. खोगीर नुसतेच, खाली घोंगडी न घालता, त्याने पाठीवर ठेवले. समोरून पाहिले असता कमान आणि मानेच्या मुळाचा उंचवटा यांत मोकळी जागा दिसत होती. स्वार बसल्यावरही तेथे दोन-तीन बोटे शिरली पाहिजेत. मागून पाहिल्यास कण्यावर आरपार उजेड दिसला पाहिजे. कमान अरुंद असली तर दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो. रुंद असली तर सगळे खोगीर पुढे बसकण मारते आणि कण्यावर टेकते. माझ्या घोडीला बसला तो चिमटा, हे मला तेथे उभ्या उभ्या समजले. जाड घोंगडी घालून आपण ते मऊ करू असे तेव्हा मला वाटले होते. घट्ट जोड्यात जाड मोजा घातला म्हणजे काय होते, ते त्याने विचारले.

मग त्याने गादीखाली हात घालावयास सांगितले. हात पुढून मागे सरकविताना दाब सगळीकडे सारखा लागावा. मध्ये पोकळी लागली तर खोगीर पुलासारखे दोन टोकांवर उभे आहे; मध्येच टेकले असेल तर ते झोपाळ्यासारखे पुढेमागे डुलणार. येथेच आपली खोगीरभरती येते. सांगाडा लाकडाचा किंवा लोखंडाचा, तो बदलत नाही. घोडा मात्र पावसाळ्यात गवताने फुगतो, उन्हाळ्यात उतरतो, कामाने त्याचे स्नायू भरतात. या दोहोंच्या मध्ये जी तडजोड व्हावयाची ती गादीतल्या लोकरीने करावयाची. चांगला कारागीर शिवण उसवून चिमूटचिमूट लोकर आत घालतो, गोळे झाले असतील ते काढून पिंजतो, एका बाजूला भर घालतो, दुसरीकडून काढतो. भरती कोठे किती, यावर सगळे खोगीर उभे असते.

स्वाराचे माप त्याने सर्वांत शेवटी घेतले, आणि त्याला दोन मिनिटे पुरली. मी खोगिरात मध्यभागी बसल्यावर मांडी आणि पुढची उशी यांत एकदोन बोटांचे अंतर हवे. उशी मांडीला सदैव टेकली तर दुपारपर्यंत तेथे काळेनिळे होते. टाच कमरेच्या रेषेत खाली यावी, खुर्चीवर बसल्यासारखा पाय पुढे जाऊ नये. चढउताराच्या मुलुखात खोगीर मागे घसरू नये म्हणून छातीपट्टा आणि पुढे घसरू नये म्हणून दुमची लावावी. पण ज्या खोगिराला सपाटीवरही ही दोन्ही लागतात ते मुळातच बसलेले नाही. शेवटी तो म्हणाला, तासभर फिरवून आणा आणि घाम पाहा. कोठे कोरडे राहिले तर मला पैसे देऊ नका. आणि जुना घोडा विकत घेताना त्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ते रंगाचे समजू नका. खोगिराने जेथे दीर्घकाळ दाब दिला तेथले केस पांढरे होऊन उगवतात.

या सगळ्या सावधगिरीची थट्टा करावी असा एक प्रसंगही ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६६ साली तेथे टॉम क्विल्टी नावाची शर्यत सुरू झाली: एका दिवसात शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर. कल्पना आर. एम. विल्यम्स यांची, हे गृहस्थ बूट करणारे म्हणून जगभर प्रसिद्ध झाले, पण धंद्याच्या आरंभी त्यांनी ओझ्याच्या जनावरांची खोगिरे शिवून विकली होती. तर या पहिल्याच शर्यतीत गेब्रिएल स्टेचर नावाचा स्वार शलावी या अरबी घोड्यावर पहिला आला, आणि त्याने शंभर मैल खोगिरावाचून काटले. मी ही हकीकत त्या दुकानदारापुढे काढली. तो म्हणाला, 'ते खरे आहे. पण तुम्ही स्टेचर नव्हे.'

परत आल्यावर काही वर्षांनी कामानिमित्त माझे कानपूरला जाणे झाले. ऑस्ट्रेलियन म्हणून जगात विकली जाणारी पुष्कळ खोगिरे कानपुरात शिवली जातात, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे लष्करासाठी खोगिरे व सरंजाम करण्याचा सरकारी कारखाना निघाला, त्याच्याभोवती कातड्याचा धंदा वाढला, आणि लष्कराचे घोडे गेले तरी हात राहिले. 'कानपूर सॅडलरी' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. एका लहान कारखान्यात मी गेलो तेव्हा एक प्रौढ कारागीर पुढची उशी सांगाड्याला बसवीत होता. टाके इतके सारखे होते की यंत्राचे वाटावेत. शेजारी परदेशाहून आलेला मागणीचा कागद टाचलेला होता: रंग गडद तपकिरी, बैठक सतरा इंच, नग चाळीस. मी त्यांना त्या कागदाविषयी विचारले. ते म्हणाले, 'साहेब, माणसाचे माप पाठवितात. घोडा कसला, रुंद पाठीचा की अरुंद, हे कोणी लिहीत नाही. मग आम्ही मधलेच काहीतरी धरतो.'

मी त्यांच्याकडे एक खोगीर करावयास टाकले. त्यासाठी त्यांनी मला तारेचा एक मऊ तुकडा दिला, आणि घोड्याच्या पाठीवर तीन ठिकाणी वाकवून, कागदावर रेघ उमटवून आणावयास सांगितले. त्या रेघा पोचावयास तीन आठवडे लागले, खोगीर व्हावयास दोन महिने. पहिल्या पावसाळ्यानंतर घोडा फुगला, तेव्हा डावीकडची भरती थोडी काढून घ्यावी लागली.